गंगाळ, मग जिलबी, मग एक्कावन्न

अल्लीपूरच्या बाजार चौकात 'मनोहर भांडी भांडार' आहे. त्या दुकानात लहानमोठी दोन हजारांवर भांडी असतील, पण सगळ्यांत जास्त ठोके खाल्लेलं भांडं कोणतं म्हणाल, तर घरची सून रुचिका. हे तिनं स्वतः कधी म्हटलेलं नाही. म्हणायला वेळ कुठे होता तिला?

पहाटे नळाचं पाणी, मग डबे, नऊला दुकानाचं शटर, अकराला स्वयंपाक, आणि मधे जी काही फट उरेल तिच्यात दुकानातला कॉम्प्युटर. नवरा नीलेश टेम्पो घेऊन आठवडी बाजार करायचा, लग्नघरी आंदणाची भांडी पोचवायचा. गल्ल्यावर सासरे बसायचे, मनोहरराव, वय चौऱ्याहत्तर. मुलगी आचल नागपूरला कॉलेजात. म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं रुचिकाच्या गळ्यात. जीएसटीची साइट, कुकरच्या कंपनीची साइट, नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याची साइट, आणि माल कुठवर आला ते सांगणारी ट्रान्सपोर्टची साइट. चार साइट, चार पासवर्ड, आणि चारही तिच्या डोक्यात. कारण त्या कॉम्प्युटरच्या डोक्यात काही म्हणता काही राहत नव्हतं.

आता हे आक्रीतच म्हणायचं. सगळ्या जगाचा ब्राउझर आपणहून विचारतो, पासवर्ड जपून ठेवू का म्हणून. यांचाही विचारायचा. रुचिकानं वीजबिलाची साइट उघडली तेव्हा विचारलं होतं, ठेवलाही होता. पण दुकानाच्या चार साइटचं नाव काढलं की तो मुका व्हायचा. रोज सकाळी रिकामी चौकट, रोज नव्यानं सगळं भरा. जेवून ताटावरून उठलेल्या माणसानं 'आज जेवण झालं का आपलं?' विचारावं तसं.

रुचिका दुकानात असली तर ठीक. नसली की फोन यायचा.

"सूनबाई, पासवर्ड काय होय?"

एवढंच. कुठे आहेस नाही, केव्हा येतेस नाही. मनोहररावांच्या पिढीत सासरा सुनेशी कामापुरतं बोलायचा आणि कामाचं बोलून झालं की खाकरून उठायचा. फोनवर खाकरून उठता येत नाही, म्हणून ते फोन कापायचे. पासवर्डचं शेवटचं अक्षर तिच्या तोंडातून निघालं की पलीकडे टुक्.

हा फोन तिला भाजीबाजारात आला आहे. हिंगणघाटला दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात चिमटा असताना आला आहे. मागल्या वर्षी तिचे वडील गेले. सिंदी मेघेला माहेरी तेरवीच्या पंगती उठत होत्या, ती खरकट्या पत्रावळी गोळा करत होती, तेव्हाही आला. त्या दिवशी तर दोनदा आला. दुपारी एकदा आणि पाहुणे पांगल्यावर संध्याकाळी एकदा.

"तुमच्या सासऱ्याले आज तरी धीर निघत नाई काय वो?" भावजय म्हणाली होती.

रुचिकानं पदरानं तोंड पुसलं आणि एकेक अक्षर सांगितलं. भावजयीपुढे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गंमत अशी की मनोहररावांची स्मरणशक्ती पंचक्रोशीत गाजलेली. अमक्याच्या थोरल्या पोरीच्या लग्नात किती गडवे-तांबे गेले, त्यांतल्या कोणत्या गडव्यावर मामाचं नाव टाकलं आणि कोणत्यावर आत्याचं, हे त्यांना चाळीस वर्षांमागचं तोंडपाठ. भांड्यांवर नाव कोरायची विजेची पेन अजून तेच चालवायचे. हात कापायचा, पण अक्षर मोत्यासारखं. असा माणूस नऊ अक्षरांचा पासवर्ड मात्र सकाळी विचारायचा, दुपारी विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा व्हायचा. नीलेश म्हणायचा, वय झालं. रुचिका पुन्हा सांगायची.

बरं, पासवर्ड तिनं त्यांच्याच सोयीचे ठेवले होते. सगळे भांड्यांचे. परात, झारा, काथवट. कंपनी दर तीन महिन्यांनी बदलायला लावायची, की रुचिका मांडणीवरून नजर फिरवायची आणि एखादं भांडं उचलायची. त्यात एक अक्षर मोठं हवं, एक आकडा हवा आणि एक चिन्ह हवं, ही कंपनीची थेरं. चिन्ह म्हणून ती इंग्रजी ए-भोवती शेपूट गुंडाळलेलं ते टाकायची. मनोहरराव त्याला जिलबी म्हणत.

एकदा नीलेश वैतागून म्हणाला, "बाबा, तुमी गावाच्या भांड्यावर नावं टाकता. हे पासवर्डबी एखाद्या भांड्यावर टाकून ठेवा न एकदाचे."

मनोहररावांनी टाकले. नव्या कोऱ्या वाटीच्या बुडाला चारही पासवर्ड सुबक अक्षरांत कोरले, वाटी कॉम्प्युटरशेजारी ठेवली. कागद हरवतो, स्टील हरवत नाही, असं रुचिकालाही वाटलं. तिसऱ्या दिवशी वायगावच्या लग्नघरचे लोक आले. सहा वाट्यांच्या संचात एक कमी पडत होती. मनोहररावांनी हात लांब केला, वाटी उचलली, संचात घातली आणि वर मुलीचं नावही टाकून दिलं. म्हणजे वायगावच्या त्या नवरीच्या वाटीवर वरून तिचं नाव आहे आणि खालून मनोहर भांडी भांडाराची सगळी कुलपं आहेत.

"ध्यानातच नाई राह्यलं," मनोहरराव म्हणाले.

रुचिकानं त्या संध्याकाळी चारही पासवर्ड बदलले. कंपनीचा ठेवला तो असा: गंगाळ, मग जिलबी, मग एक्कावन्न. एक्कावन्न भांड्यांचा संच असतो, तो एक्कावन्न.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण रुचिकाच्या गर्भपिशवीला गाठी झाल्या होत्या.

दीड वर्ष अंगावरून जात होतं. महिन्यातले बारा-बारा दिवस. जिना चढताना मधेच बसावं लागायचं, आणि बसली की कोणीतरी हाक मारायचं. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं सांगितलं, पिशवी काढावी लागेल. आठ दिवस इथे, मग दीड महिना घरी, वजन उचलायचं नाही आणि डोक्याला ताप नको. पहिली तारीख मिळाली ती धनतेरसच्या आठवड्यातली. धनतेरसला भांड्यांच्या दुकानातल्या बाईनं खाटेवर पडायचं म्हणजे झालंच. ती तारीख हुकली. दुसरी तारीख लग्नसराईतली. त्या वेळी रुचिका खरंच गेली होती. कपड्यांची पिशवी भरून, केस बांधून, दवाखान्याच्या रांगेत फाइल घेऊन उभी होती. तेवढ्यात फोन.

"सूनबाई, पासवर्ड काय होय?"

तिनं सांगितला. मनोहररावांनी तीनदा चुकीचा टाकला आणि कंपनीनं खातं बंद केलं. एका आंदणाचे चाळीस कुकर त्याच दिवशी मागवायचे होते, आणि खातं उघडायचं ते रुचिकाच्याच ईमेलवरून. फोनवर तासभर झटापट झाली. रांग पुढे गेली, तिचा नंबर गेला. शेवटी ती बस पकडून परत आली. रात्री चाळीस कुकर मागवून झाले तेव्हा नीलेश म्हणाला, "जाऊ दे न, पुढच्या महिन्यात करू." रुचिकानं भरलेली पिशवी न उघडता पलंगाखाली सारली.

आता आषाढ लागला होता. लग्नं नाहीत, गिऱ्हाईक नाही. तिसरी तारीख बुधवारची मिळाली होती. डॉक्टरणीनं तिच्या पापणीखालचा पांढरा रंग पाहिला आणि म्हणाली, "ताई, रक्त सातवर आलंय. यापुढे तुम्ही तारीख पुढे ढकलणार नाही, ती तुम्हाला ढकलेल." रुचिकाला हे बोलणं नीट समजलं. बुधवारच्या आत त्या ब्राउझरनं चार पासवर्ड लक्षात ठेवायला शिकायला हवं होतं, नाहीतर फोन येणार, आणि फोन आला की आपण उठणार. आपल्या पायांवर तिचा भरवसा नव्हता.

शुक्रवारी तिनं हिंगणघाटहून प्रफुलला बोलावलं. प्रफुल म्हणजे अर्ध्या तालुक्याचा कॉम्प्युटरवाला. गळ्यात पट्ट्याची बॅग, डोळ्यांत झोप. त्यानं दहा मिनिटं माउस फिरवला.

"सेटिंग तर चालू आहे ताई. वायरस असन."

त्यानं ब्राउझर काढून टाकला, नवा टाकला, आचलनं पूर्वी बनवून दिलेलं खातं त्यात पुन्हा जोडलं, चहा घेतला, आणि गेला. रुचिकानं कंपनीची साइट उघडली, पासवर्ड भरला आणि वाट पाहिली. वर कोपऱ्यात ती लहानशी चौकट येईल, ठेवू का म्हणून विचारेल. काही आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिनं स्टुलावर बसून डोकं टेबलाला टेकलं. टेबलाची काच गार होती, तेवढं एक बरं वाटलं.

शनिवारी तिनं मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले. रविवारी नीलेश म्हणाला, "आचलच्या परीक्षा होऊ दे. थे आली का दुकान पाहीन. तवा जाऊ न ऑपरेशनले."

"हो," रुचिका म्हणाली. तिच्यात भांडायची ताकद नव्हती. भांड्याला भांडं लागायला निदान दोन्हीत काही वजन लागतं.

सोमवारी दुपारी आचलचाच फोन आला. परीक्षेच्या मधल्या सुटीत होती. रुचिकानं सहज सांगितलं, की ऑपरेशन तिच्या परीक्षा होईपर्यंत राहिलं बहुतेक.

"काऊन?" आचल एकदम चिडली. "कॉम्प्युटरसाठी? मम्मी, तू आता त्याच्यासमोरच आहे ना? मी सांगतो तसं कर. पासवर्डच्या सेटिंगमंधी जा. गेली? आता खाली जा. अजून खाली. एकदम बुडाला."

रुचिका बुडाला गेली. प्रफुल तिथवर उतरलाच नव्हता. तिथे एक यादी होती. वर लिहिलेलं, की या साइटचा पासवर्ड ठेवायला तुम्ही नकार दिला आहे, म्हणून पुन्हा विचारणार नाही. खाली चार नावं. जीएसटी, कुकरची कंपनी, ठोक व्यापारी, ट्रान्सपोर्ट.

"तूच कधीतरी 'नेव्हर' दाबलं असन," आचल म्हणाली. "एकदा नेव्हर म्हटलं की थो बिचारा जन्मभर विचारत नाई. नवा टाकला तरी खात्यासोबत यादी परत येते. समोर फुली आहे ना, दाब. झालं. आता बुधवारी जाय चुपचाप."

आचलची बेल वाजली, फोन ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण रुचिकाचा हात फुलीवर गेला नाही. तिला पक्कं आठवत होतं, तिनं कधी नकार दिला नव्हता. हा कॉम्प्युटर आणला त्या आठवड्यात ती आचलला हॉस्टेलला सोडायला नागपूरला गेली होती. या चार साइट पहिल्यांदा दुसऱ्याच कोणीतरी उघडल्या होत्या.

मनोहरराव गल्ल्यावर बसून एका डब्यावर नाव टाकत होते. पेनची घरघर चालू होती.

"मामाजी, हा कॉम्प्युटर नवा होता तवा पासवर्ड ठेवू काय म्हणून विचारत होता. तुमी काय दाबलं होतं?"

"नेव्हर," मनोहरराव वर न बघता म्हणाले. "चारी बखत आला विचाराले. चारी बखत साफ सांगून टाकलं."

"काऊन?"

त्यांनी पेन बंद केली. प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "आता हे काय इचारनं झालं? घरची किल्ली घरच्या लक्ष्मीजवळ राह्यते. माह्या मायजवळ होती, मंग तुह्या सासूजवळ आली. जाताना तिनं तुह्या हातात देल्ली. थे मशीन कोण होय? आज अठी हाय, उद्या भंगारवाला नेईन. त्याले काऊन द्याची किल्ली?"

रुचिका उभी राहिली. तिला कोणाचा तरी मूर्खपणा सापडेल असं वाटलं होतं, आणि सापडला तो मान. घरची लक्ष्मी! हा मान तिच्या कमरेला चार वर्षं लटकत होता आणि त्याच्या वजनानं ती वाकली होती. मूर्खपणावर ओरडता तरी येतं. मानावर काय ओरडणार? तरी तिला राग आलाच, उशिरा आणि थकलेला, पण आला.

"मामाजी, सासूबाईच्या किल्ल्या झोपताना उशाखाली ठेवता येत होत्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढायला दम लागतो. "माह्यावाल्या डोक्यात हायेत. मी झोपली तरी वाजत राह्यतात. बुधवारी मले आत नेतीन तवा कानातलं काढून घेतीन, हातातल्या बांगड्या काढून घेतीन, मंगळसूत्रबी काढून घेतीन. मंग ही किल्ली कोणाजवळ ठेवू? का घेऊनच झोपू टेबलावर?"

एकवीस वर्षांत ती सासऱ्यांशी एवढं एकदम कधी बोलली नव्हती. मनोहररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. बाहेर कोणीतरी पातेल्याचा भाव विचारला, त्यांनी उत्तर दिलं नाही. हे त्या दुकानात पहिल्यांदा घडलं असेल.

"शिकव," ते म्हणाले. "कुठी दाबाचं?"

तिनं त्यांना स्टुलावर बसवलं. चार फुल्या त्यांच्याच बोटानं दाबायला लावल्या. यादी रिकामी झाली. मग एकेक साइट उघडली. पासवर्ड ती सांगत होती, ते टाकत होते, एकेक अक्षर शोधत, कोंबडीनं दाणे टिपावे तसे. पहिल्याच साइटला कोपऱ्यात चौकट आली: ठेवू का? रुचिकानं ती दोनदा वाचली. एवढ्याशा प्रश्नासाठी तिचं दीड वर्ष गेलं होतं.

"हो म्हणा. सेव्ह."

त्यांनी दाबलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला दाबलं. चौथी कंपनीची. गंगाळ, मग जिलबी, मग एक्कावन्न. चौकट आली, आणि त्यांचं बोट माउसवर तसंच राहिलं.

"म्हणजे आता तुले विचाराचं कामच नाई."

"नाई मामाजी. उघडलं का ठिपके येतीन आपोआप. तुमी फक्त आत जाचं."

"बरं," मनोहरराव म्हणाले, आणि दाबलं.

बुधवारी ऑपरेशन झालं. गुरुवार गुंगीत गेला. शुक्रवारी ती पूर्ण शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा उशाखालचा मोबाईल चाचपला. एकही फोन आलेला नव्हता. तिनं डोळे मिटले. किती दिवसांनी तिला कोणी उठवलं नव्हतं!

शेजारच्या खाटेवर पंचफुला नावाची बाई होती, पवनारकडची. वांगी, टमाटे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावणारं घर. तिचीही पिशवीच काढली होती, पण तिचा फोन दम घेत नव्हता. माय, मिठाची बरणी कुठी ठेवली? माय, वांग्याचे कॅरेट कोणाच्या गाडीत टाकू? माय, बाबा म्हणते दवाई घेतली काय? पंचफुला टाके धरून ओरडायची, शिव्या घालायची, आणि फोन ठेवला की पुन्हा वाजायची वाट पाहायची.

"तुमच्या घरचे लय समजदार दिसतात वो," शनिवारी सकाळी ती म्हणाली. "एकबी फोन नाई."

"हो," रुचिका म्हणाली. "आमच्याकडं सगळं आपोआप होते."

आचलचे मेसेज सकाळ-संध्याकाळ यायचे, खाली फुलं आणि बदाम. नीलेश दुकान बंद करून भेटीच्या वेळेत यायचा, डब्यातली खिचडी वाढायचा, खाटेच्या कडेला बसायचा. "काही टेन्शन नाई," तो म्हणायचा. "बाबाच करून राह्यले सगळं. ठिपके दिसतात, दाबतात. तू आराम कर." मनोहरराव आले नव्हते. बायकांच्या वॉर्डात सासऱ्यानं कसं जावं, हा तिथला रिवाज, आणि तिनंही अपेक्षा धरली नव्हती.

पण तिला वाईट वाटलं. मागितलं तेच मिळालं होतं, शांतता, आणि ती शांतता अंगावर आली. घरातून आपल्याला जे फोन येत होते ते सगळे पासवर्डचे होते, हे तिला त्या खाटेवर पडून कळलं. कुलूप उघडलं, किल्लीचं काय काम? आपणच शिकवलं, आपणच फुल्या मारायला लावल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भिंतीवर मलेरियाचं पोस्टर होतं. तिनं ते तीनदा वाचून काढलं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. पंचफुलानं सवयीनं स्वतःचा उचलला. पण वाजत होता तो रुचिकाचा.

"सूनबाई."

"हो मामाजी."

"कंपनीच्या साइटचा पासवर्ड काय होय?"

म्हणजे बिघडलं. परत सगळं पहिल्यापासून. "काऊन, येऊन नाई राह्यला काय? ठिपके नाई दिसत?"

"दिसते न. ठिपके बराबर दिसून राह्यले."

"मंग आत नाई जात?"

"जाते. सकाळीच गेलतो. कुकरची ऑर्डरबी टाकून देल्ली."

"मंग?"

मागे दुकान ऐकू येत होतं. कोणी गिऱ्हाईक गंज-पातेलं वाजवून पाहत होतं, टण, टण. चौकातून एसटी वळल्याचा हॉर्न आला.

"नाई," मनोहरराव म्हणाले. "म्हटलं, विचारून घ्याव."

रुचिकाच्या डोळ्यांपुढे सिंदी मेघेचं अंगण आलं. खरकट्या पत्रावळी, हातात मोबाईल. दुपारी एकदा आणि पाहुणे पांगल्यावर एकदा. चाळीस वर्षांमागचे गडवे ज्याला नावानिशी आठवतात त्या माणसानं तिच्या बापाच्या तेरवीला दोनदा विचारलं होतं, पासवर्ड काय होय. आणि तिला लाज वाटली होती.

तिनं एका हातानं टाके धरले, दुसऱ्यानं खाटेचा दांडा धरला, आणि हळूहळू उठून बसली. मोबाईल खांद्यात धरला.

"लिहून घेता काय मामाजी?"

"हो. सांग."

कागदाचा आवाज आला नाही, पेन शोधल्याचाही नाही.

"जी. मोठी."

"हं."

"ए. एन."

"हं."

"परत जी. ए. एल. झालं गंगाळ."

"हं. गंगाळ."

"मंग जिलबी."

"हं."

"मंग एक्कावन्न."

पासवर्ड संपला की फोन कापायचा, ही चार वर्षांची रीत. फोन कापला गेला नाही. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरणारा, उन्हाळ्यापासून तसाच. तिनंही कापला नाही. शेजारी पंचफुला बघत होती.

"पुन्हा एक बखत सांगजो बरं," मनोहरराव म्हणाले.

रुचिकानं पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी आणखी सावकाश.